एका बाजूनं छाटलेला माथा

वर्तकनगरच्या बाई हात उचलायच्या. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, वय सत्तरीपार. झाडाला नेत्याच्या वाढदिवसाचा फलक ठोकणारा दिसला की त्याच्या पाठीत छत्री घालायच्या. पोरं बोंबलायची, "अरे, सायको आहे ही म्हातारी!" बाई म्हणायच्या, "त्याला खिळा, तुला छत्री. फिट्टंफाट."

'झाडं वाचवा'ची पत्रकं वाटणाऱ्या आम्हा पोरांना बाई झाडाखाली उभं करून शिकवायच्या. पावसाळी जंगलात प्रत्येक जातीची ठेवण वेगळी. उजेडाकडे धावणारं झाड शेलाटं, पानं सगळी शेंड्याला. सावलीत तग धरणारं बुटकं नि पसरट. आमच्या नाक्यावरचं रेन ट्री तर उंचीपेक्षा रुंद. "हा पसारा म्हणजे त्याचा तोल आहे रे. आणि हे मेले ठेकेदार सगळ्या झाडांना एकच कात्री लावतात. पोलीस भरती आहे का?"

त्या रेन ट्रीची रस्त्याकडची बाजू साफ करायला ठेकेदार आला. जाहिरातीचा बोर्ड झाकला जात होता, दुसरं कारण नव्हतं. बाई खाली जाऊन उभ्या राहिल्या. "अर्धाच माथा ठेवलास तर हे पलीकडे रिक्षा स्टँडवर कोसळेल. तिथं माणसं असतात."

"आजी, साइड व्हा. ऑर्डर हाय."

बाईंनी त्याची कॉलर धरली. त्यानं ढकललं. डोकं दुभाजकावर आपटलं, साडीवर रक्त. स्टँडवरच्या भोईरदादांनी त्यांना उचलून आपल्या रिक्षात घातलं. करवत थांबली नाही.

पावसाळ्यात वारा सुटला आणि झाड पडलं. स्टँडवरच. रिक्षेची चपाती झाली; आत भोईरदादा. पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले, "नैसर्गिक आपत्ती." बाई पडलेल्या खोडावर आडव्या झाल्या. "आधी हे लिहा. सगळे घाव एकाच बाजूला आहेत!" दोघांनी त्यांना फरफटत काढलं. ओंडके ट्रकमध्ये गेले. पुरावा पुसला हरामखोरांनी.

त्यानंतर बाई अंथरुणातून उठल्या नाहीत. शेवटच्या भेटीत मला रडू फुटलं, तर खेकसल्या, "इथं काय बसलायस? माजिवड्याच्या स्टँडवरचं पण तसंच कापलंय. जा, खालची माणसं हलव."

त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो, रिक्षावाल्यांवर ओरडत. एकानं आईवरून शिवी दिली. दुसऱ्यानं मान वर करून झाडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि गाडी काढली.