बाबा कोर्स पाहाले निघाले

आमच्या एकोडी गावात धानाचं बियाणं कोणी नुसतं ऐकून विकत घेत नाही. दुकानदाराने कितीही गोडवे गावेत, रेडिओवाल्याने कितीही सांगावं, माझे बाबा ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि दिवाळीनंतर सायकल काढून ज्याच्या शेतात ते धान उभं असेल त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभे राहायचे. लोंबी हातात चोळून दाणा चावून पाहायचे. वाऱ्यानं पडलं का, रोग आला का, पाणी किती प्यायलं, तणस, म्हणजे पेंढा, जनावरं खातात का, सगळं त्या शेतकऱ्याला विचारायचे. मगच पुढच्या सालचं बियाणं. उभं पीक पाहिल्याशिवाय बियाणं नाही, हा आमच्या घरचा कायदा. यात वाईट काही नव्हतं. वाईट एवढंच झालं की हाच कायदा त्यांनी माझ्या विलायतेच्या शिक्षणाला लावला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नागपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि परदेशी शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मला मिळाली होती. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने मला दोन अभ्यासक्रमांसाठी घ्यायची तयारी दाखवली. एक वर्षभराचा, बियाणं टिकवण्याच्या शास्त्राचा. दुसरा तीन वर्षांचा, संशोधनाचा, तळ्यात वाढणाऱ्या वनस्पतींवर. दोनातला एक निवडून दिवाळी झाली की लगेच कळवायचं होतं. मला दुसराच हवा होता, अगदी जिवापाड. गावच्या तलावाच्या पाळीवर बसून माझं लहानपण गेलं आणि त्या पाण्याखाली काय काय वाढतं हे मला धड सांगू शकेल असा माणूस कधी भेटला नाही. पण बाबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय मी जाणार नव्हते. तोंडाने मी तिखट, राग नाकावर, सगळं खरं. तरी त्यांना दुखवून जायची हिंमत माझ्यात नव्हती.

विद्यापीठाने सगळ्या अभ्यासक्रमांचं एक जाडजूड पुस्तक पाठवलं होतं. ते आलं त्या दिवशी पोस्टमन आमच्या सपरीतच, पुढच्या ओसरीवर, ठाण मांडून बसला, आत काय आहे ते कळल्याशिवाय उठेना. मग शेजारपाजारचे जमले. मी पुस्तक वाचून मराठीत सांगायचं असं परस्पर ठरलं. मला कोणी विचारलंही नाही.

"हा दारू बनवायचा कोर्स," मी एक पान उघडून म्हणाले. "जवाची दारू. चार वर्षांचा."

"डिगरी भेटते?" पोस्टमनने विचारलं.

"भेटते."

"आपल्या इथी मोहाची काढली त पोलीस भेटते," बाबा म्हणाले.

पुढच्या पानावर खेळाच्या मैदानातलं गवत वाढवायचा कोर्स निघाला. माय आत तांदूळ निवडत होती, ती सुपासकट बाहेर आली. "आमचा जनम निंदता निंदता चालला, आन तिकडे गवत लावाले शिकवते? मले पाठवा मास्तरीण म्हून." सगळे पोट धरून हसले. मलाही हसू आलं, पण माझं पान अजून पुढे होतं.

"आणि हा माझा," मी म्हणाले. "तळ्यातल्या वनस्पती."

"म्हंजे शिंगाडा?"

"शिंगाडा, कमळ, शेवाळ, सगळं. पाणी कशानं बिघडते, कशानं सुधरते, ते शिकायचं."

"हं," बाबा म्हणाले. त्यांचं हं म्हणजे धोक्याची घंटा. "हा कोर्स केलेला माणूस दाखव."

"बाबा, हे का धान आहे?"

"धान एका सालाचं राहते. फसलं त पुढच्या साली दुसरं लावता येते. तुहे तीन साल जाऊन राहिले. माणूस दाखव."

मी कपाळावर हात मारून घेतला. आत जाऊन मायकडे तक्रार केली, तर ती म्हणाली, "जाय तुह्या बाबासंग. त्याईच्या मनात काय आहे ते मले मालूम आहे." काय आहे ते मात्र सांगेना. म्हणाली, ते आपणहून सांगतील.

अशी आमची वरात निघाली. साकोलीहून एसटी धरून पहिल्यांदा भंडाऱ्याला गेलो. तिथे विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर होते. बाबा सरळ दवाखान्यात रोग्यांच्या रांगेत बसले. नंबर आल्यावर डॉक्टरांनी नाडी धरली, बाबांनी धरू दिली.

"काय होतंय?"

"मले काही नाही होत. तुमी तिकडे शिकले ना? आजारी पडले का कधी?"

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. डॉक्टर मात्र मोठ्या मनाचे. बाहेर एवढे रोगी ताटकळत असताना त्यांनी थंडीची, उकडलेल्या बटाट्यांची, अंघोळीला नाक मुरडणाऱ्या घरमालकिणीची सगळी कहाणी सांगितली. शेवटी बाबांनी हळूच विचारलं, "मंग वापस काहून आले?"

"आईनं इकडे मुलगी पाहून ठेवली होती," डॉक्टर हसत म्हणाले.

बाबा खूश झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण कोर्स तुहा नाही."

दुसरा माणूस भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हमरस्त्याच्या कडेला, धान भरडायच्या गिरणीत सापडला. अमेरिकेत विमानाच्या इंजिनांचं शिकून आलेला. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या भुवयांवर कोंडा बसला होता आणि तो हमालावर ओरडत होता. "इमानाचं शिकले आन धान भरडून राहिले?" बाबांनी तोंडावरच विचारलं. तो बिचारा रागावला नाही. म्हणाला, "काका, शहापुरात इमान कुठं आहे? वडील गेले, गिरणी बंद पडत होती. आलो." वर गिरणीचा पट्टा आता कसा एकदाही तुटत नाही ते त्याने मोठ्या हौसेने दाखवलं. बाबा परतताना शीळ घालत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाबा, त्याचं शिकलेलं सगळं पाण्यात गेलं. तुम्हाला आनंद कशाचा झाला?"

"गेलं त गेलं. घरी आहे ना."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच होतं, पण रागाच्या भरात मला कळलं नाही. माझं लक्ष दुसरीकडेच होतं. निघता निघता गिरणीवाल्याने सांगितलं होतं की पवनीला एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्या मुलाने विलायतेत पाण्यातल्या वनस्पतींवरच संशोधन केलं आहे. अगदी माझाच कोर्स. मला तर आकाश ठेंगणं झालं.

पवनीचे गुरुजी नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत राहत होते. पत्नी वारलेली, घरात एकटेच. आम्ही कशासाठी आलो ते कळल्यावर त्यांना काय करू आणि काय नको असं झालं. शेजारणीने दिलेल्या करंज्या पुढे केल्या, चहा केला, तो उतू घालवला, पुन्हा केला. मग मुलाचे फोटो काढले. काचेच्या टाक्यांपुढे पांढरा कोट घालून उभा असलेला मुलगा. बर्फात बायको आणि दोन लेकरांसोबत उभा असलेला मुलगा. मुलाची पत्रं वाचून वाचून गुरुजींना तो कोर्स पाठ होता. पहिल्या वर्षी काय वाचायचं, दुसऱ्या वर्षी होडीतून पाण्याचे नमुने कसे घ्यायचे, तिसऱ्या वर्षी लिहिताना कशी झोप उडते, सगळं. मी विचारत सुटले आणि ते सांगत सुटले. बाबा शेजारी बसले आहेत हेही मी विसरले होते.

"येते का इकडे?" बाबांनी मध्येच विचारलं.

"येईल ना. या उन्हाळ्यात म्हणत होता." गुरुजींनी धोतराच्या सोग्याने फोटोची काच पुसली. "मागच्या उन्हाळ्यातही म्हणत होता. कामं असतात हो त्याला."

"कधी येणार होता पहिल्यानं?"

"तीन वर्षांत." गुरुजींनी अंगणातल्या आंब्याकडे बोट दाखवलं. "तो गेला त्या साली हा लावला. आता आंबे लागतात, पण मला दात कुठं आहेत? शेजारची पोरं खातात." आणि ते खळखळून हसले. बाबा हसले नाहीत.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणीला आलं होतं, पिवळंधमक, आणि त्यांनी एकाही बांधीतल्या पिकाकडे मान वळवून पाहिलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाला कोर्स पाहायचाच नव्हता. गेलेलं माणूस परत येतं का, एवढंच पाहायला ते गावोगाव हिंडत होते. आणि नेमका माझाच कोर्स केलेला मुलगा परत आला नव्हता.

घरी येईपर्यंत मी मनाशी ठरवलं. जेवताना सांगून टाकलं, "बाबा, मी एका वर्षाचा कोर्स भरते. बियाण्यांचा. वर्ष संपलं की घरी असेन."

रडूही येत होतं आणि रागही, कोणावर ते कळत नव्हतं. माय माझ्याकडे पाही, बाबांकडे पाही आणि दोघांच्या ताटात न मागता भात वाढी. जेवण संपवून, हात धुऊन बाबा पुन्हा येऊन बसले.

"पवनीले तू हात धुवाले मागं गेली होती ना, तवा मी गुरुजीले एक गोष्ट इचारली."

"काय?"

"म्हटलं, गुरुजी, पोरगा वापस नाही येत हे आधी मालूम असतं, त पाठवलं असतं का?"

मायचा हात भांड्यातच राहिला. मी विचारलं, "मग? काय म्हणाले?"

"म्हणे, पाठवलं असतं. इचार कराले वेळ बी नाही लागला त्याले." बाबा खाली पाहत बोलत होते. "मले वाटलं होतं, नाही म्हणन. त्यानं नाही म्हटलं असतं त माहं काम सोपं होतं."

"बाबा, मी परत येणार आहे."

"तो बी असंच सांगून गेला असन. मले भेव वाटते, आता लपवून काय करू. पण माह्या भेवापायी तू मनात नाही ते कायले शिकशीन? तीन सालाचा भर."

मला हुंदका फुटला. माय म्हणाली, "आता काहून रडून राहिली? भेटलं ना पाहिजे ते? तो भात खाय पहिले, गार झाला." मी रडत रडत भात खाल्ला. तसा गोड भात मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

मी गेले. विलायतेत थंडीने माझे ओठ फाटले, उकडलेल्या बटाट्यांबद्दल डॉक्टर शब्दाशब्दाने खरे निघाले आणि गुडघाभर बूट घालून परक्या तळ्यांत उतरताना मी आमच्या झाडीपट्टीकडच्या अस्सल शिव्या दिल्या, ज्या कोणालाच कळत नव्हत्या. पण शिकले. पोटभर शिकले. तिथेच राहण्याबद्दल मला दोनदा विचारलं गेलं, आणि दुसऱ्यांदा मी लगेच नाही म्हणू शकले नाही, हेही सांगून टाकते. एक आठवडा मी विचार केला. मग परत यायचं तिकीट काढलं.

बाबा मला घ्यायला नागपूर स्टेशनवर आले होते. मला पाहून "आली का?" एवढंच म्हणाले आणि हमालाशी भांडत बसले, म्हणजे माझ्याकडे पाहावं लागणार नाही. गावी पोचल्यावर दिवसभर घरात जत्रा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठते तर बाबा धुतलेलं धोतर नेसून तयार. थैलीत नवे तांदूळ भरले होते. पवनीला गुरुजींकडे जातो म्हणाले. मी म्हणाले, "थांबा, मीही येते. माझं काम त्यांना दाखवायचं आहे. साऱ्या जगात त्यांच्याइतकं ते कोणाला कळणार आहे?"

"तू नको येऊ."

"काहून?"

बाबांनी थैलीचं तोंड दोरीने घट्ट बांधलं. "तू आली हे मी सांगन त्याले. तुले पाठवणारा तोच होता, त्याले सांगाच लागते. पण तुले दारात उभी पाहून त्या माणसाले कसं वाटन?"

थैली जड होती, म्हणून ती एसटीच्या थांब्यापर्यंत मी नेऊन दिली.