मोहाचा दुसरा अर्थ

अंगणात मोहाची फुलं वाळत पडली की त्या गोड, आंबूस वासाबरोबर मला कुरखेड्यातलं ते प्रशिक्षण आठवतं. अकरावी-बारावीला साहित्य शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी ते होतं, आणि मी होतो शहरातून आलेल्या तज्ज्ञांचा सहायक. त्यांच्यापुढे शाल, नारळ आणि आदर्श उत्तरांची पुस्तिका ठेवली होती. तिन्हींना त्यांनी सारख्याच भक्तीने हात लावला. नमुना पाठाच्या कवितेत ओळ होती, ‘पहाटे मोह गळून पडला.’ पुस्तिकेत अर्थ एकच होता, विरक्ती. तो पाठ घेणारी नवी शिक्षिका जवळच्याच खेड्यातली होती. ती म्हणाली, “सर, आमच्या इथी मोह गळला का माणूस विरक्त नाई होत, फुलं वेचाले टोपली घेऊन पळते.” सगळी खोली हसली, तज्ज्ञ सोडून. “हा अर्थ मागे घ्या, नाहीतर अपात्र असा शेरा देईन,” ते म्हणाले. तिची नेमणूक त्या शेऱ्यावरच कायम व्हायची होती. हातातल्या खडूकडे बघत ती म्हणाली, “विरक्तीबी शिकवीन सर, पण टोपली नाई सोडत.” त्यांनी ‘अपात्र’ लिहिलं आणि कागद माझ्या सहीसाठी सरकवला; सहायकाच्या सहीशिवाय शेरा पुढे जात नसे. मी ते खोडून ‘पात्र’ लिहिलं, कारणापुढे ‘कविता वाचता येते’ एवढंच लिहून सही केली. ती कायम झाली. माझ्याकडे मात्र लेखी खुलासा मागितला गेला. तो न देण्याचा मोह निवृत्तीनंतरही गळून पडलेला नाही.