काडी नसलेला गिअरबॉक्स

माझ्या सासऱ्यांइतकं गाडीचं ऐकणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडणार नाही. माणसांचं ते फारसं ऐकत नाहीत, ते सोडा. पण गाडी नुसती खाकरली तरी ते भरल्या ताटावरून उठतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सैन्यात मोठे ट्रक चालवण्यात घालवली. बर्फातले घाट, तुटलेले पूल, पलीकडून येणारे तोफांचे आवाज यांतलं काहीही त्यांना हलवू शकलं नाही. निवृत्त होऊन ते पलूसला आपल्या उसात आणि द्राक्षांत परतले, तेव्हा क्लच दाबून दाबून झिजलेला डावा गुडघा तेवढा सोबत आला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, यापुढं क्लच बंद. मामांनी, म्हणजे सासऱ्यांना मी मामाच म्हणतो, त्याचा अर्थ गाडी बंद असा न घेता, क्लच नसलेली गाडी आणायची असा घेतला. एका द्राक्षबागायतदाराची जुनी, दोन रांगा बसायच्या आणि मागं हौदा असलेली ऑटोमॅटिक पिकअप त्यांनी विकत घेतली आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात थरथर आली.

सुरुवातीला थरथर त्यांचीच होती. सवयीनं डावा पाय क्लच शोधायला जायचा, तिथं सापडायचा ब्रेक, आणि आम्ही सगळे एकदम काचेला नमस्कार करायचो. "सवय व्हईल," मामा म्हणायचे, "रंगरूट हाय अजून," आणि हा नवशिका रंगरूट गाडी की ते स्वतः, हे कळायचं नाही. पाय शहाणा झाला तेव्हा गाडी बिघडली. साठच्या वेगाला, सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवला की बरोबर तिला हुडहुडी भरायची. खडबडीत पट्ट्यांवरून चाललोय असं वाटायचं आणि रस्ता तर गुळगुळीत. शिवाय दुसऱ्यातून तिसऱ्यात गिअर पडताना मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का बसायचा.

त्या दिवसापासून मामांच्या गाडीत नुसता प्रवासी असा कुणी राहिला नाही. जो बसेल त्याला कामगिरी. एकानं दाराला कान लावायचा, एकानं सीटखाली हात धरायचा, पुढच्यानं पाण्याचा स्टीलचा पेला मांडीवर धरून पाणी कधी शहारतं ते सांगायचं. एकदा भावकीतल्या नवरदेवाला तासगावला न्यायचं होतं. वाटेत मामांना, मागं बसलेला त्याचा चुलता ट्रॅक्टर दुरुस्त करतो असा शोध लागला. मग चुलत्याला हुडहुडी नीट दाखवण्यासाठी त्यांनी गाडी साठावर नेली, खाली आणली, पुन्हा साठावर नेली, परत वळवून चांगला रस्ता बघून पुन्हा नेली. मांडवात अक्षता हातात धरून लोक उभे, आणि नवरदेव बाशिंग सावरत ओरडतोय, "आवं मामा, आली की थरथर, मला बी आली!"

फोनवर तर नमस्कार वगैरे नसायचाच. मी फोन उचलला की पलीकडून नुसतं "डुर्रर्रर्र... डुर्रर्रर्र." मग गंभीर आवाजात, "आज चढाला असं केलं, जावईबापू." या आवाजावरून मी निदान करावं अशी त्यांची अपेक्षा असे. त्यांनी स्वतः चाकं बदलली, इंजिनाखालचे रबर बदलले, मागच्या दांड्याचे सांधे बदलले. फक्त गिअरबॉक्सला हात लावला नाही, कारण त्यावर त्यांचा राग होता. इंजिनाचं तेल बघायला जशी काडी असते तशी त्याला नव्हती. "ज्या डब्यात तेल बघाया काडी न्हाई, त्याच्यावर माणसानं इश्वास कसा ठिवायचा?" विकणाऱ्यानं सांगितलं होतं, त्यातलं तेल जन्मभराचं असतं, खोलायचं नाही. सांगलीत ऑटोमॅटिकची कामं करणारं एक गॅरेज आहे, तिथं दाखवू, असं मी म्हटलं की ते ताठ व्हायचे. "बर्फात ताडपत्रीखाली झोपून मी गिअरबॉक्स उतरीवलाय. माझी गाडी मीच नीट करनार."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, जर आमच्या मामींना पाचगणीला जायचं नसतं.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची थोरली बहीण पाचगणीला असते, तिला सगळे आक्का म्हणतात. आई लवकर गेल्यावर मामींना आक्कांनीच वाढवलं. एका निवासी शाळेच्या मेसमध्ये आक्कांनी शेकडो मुलांना जेवू घातलं आणि त्याच पगारात धाकटीचं लग्न केलं. मुलगी बघायला मामा गणवेशात आले होते, म्हणून आक्का त्यांना 'मिलिट्री' म्हणतात, आजतागायत. पिकअप आली तेव्हा मामांनी मामींना शब्द दिला होता, की आता गाडी आपली, आक्काकडं पाहिजे तेव्हा जायचं.

पहिल्याच खेपेला ते पसरणीच्या घाटात चढत होते. मामींच्या पायाशी काकवीची बरणी, शेंगदाण्याची चटणी, शाळूचं पीठ. वळणावर गाडी गिअर धरेना, सोडेना, आणि असा एक धक्का बसला की बरणी आडवी झाली आणि मागच्या बसनं हॉर्न वाजवला. लडाखचे घाट चढलेला माणूस पाचगणीच्या घाटात थांबला, तेही मागच्या बसमधली माणसं वाकून बघत असताना. मामांनी गाडी वळवली आणि ते वाईत उतरून थेट घरी आले. "गाडी नीट झाली की जाऊ," एवढंच बोलले.

मग ते वाक्य घरातच राहायला आलं. मामी डबे भरायच्या, मामा चाचणीला जाऊन यायचे, मान हलवायचे, मामी डबे रिकामे करायच्या. मी म्हटलं, माझ्या गाडीनं जाऊ. "जावयाच्या गाडीत बसून मेव्हणीच्या दारात? मी काय लुळापांगळा हाय?" बायकोनं एसटीचं सुचवलं, तर एसटीच्या वासानं मामींना मळमळतं असं उत्तर मिळालं. मामींनी स्वतः तसं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. स्ट्रॉबेरीचे हंगाम आले आणि गेले. बहिणी फोनवर बोलायच्या. मामी अधूनमधून म्हणायच्या, "आक्का तेच तेच इचारतीया वं." मामा पान्यावरची माती पुसत म्हणायचे, "वय झालं की आता."

एका सकाळी मामींनी फोन लावला आणि आक्कांनी पलीकडून विचारलं, "कोण बोलतंय?" मामींनी नाव सांगितलं. "कुठली?" आक्का म्हणाल्या. मामींनी फोन खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, अंगणात उभ्या पिकअपचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मामा बाहेर आले.

"अगं, काय झालं? उतर की."

"न्हाई. आता पाचगणीलाच उतरीन."

त्यांच्या संसारात मामींनी असं कधी केलं नव्हतं. मामांनी पुष्कळ समजावलं, मग गाडी सुरू केली आणि ती थरथरत आमच्या दारात सांगलीला आणली. मामी खाली उतरल्या नाहीत. मामा दारातच उभे राहून म्हणाले, "जावईबापू, ते गॅरेज कुठं म्हनाला हुता?"

गॅरेजवाल्यानं गाडी चालवून बघितली आणि एकच विचारलं, "मामा, गिअरबॉक्सचं ऑईल कधी बदललंय?"

"ते बदलायचं नसतंय. जन्मभराचं असतंय."

"कुणाच्या जन्माचं?" तो हसला, मामींना विनवून तेवढ्यापुरतं बाकावर बसवलं आणि त्यानं खालचा बोल्ट सोडला. डांबरासारखं काळं तेल आलं, करपलेल्या आमटीचा वास सुटला. तो काम करता करता सांगत होता. आत एक चकती असते, गाडी एका लयीत चालली की ती घट्ट धरते. तेल जुनं झालं की तिला धड धरताही येत नाही, सोडताही येत नाही, म्हणून थरथर. त्यानं नवं तेल भरलं, गाडी फिरवली, तेही काढून पुन्हा नवं भरलं, गाळणी बदलली, संगणक जोडून गिअरची जुळणी नव्यानं केली. संध्याकाळच्या आत गाडी बाहेर आली. मामांनी ती साठावर नेली. मी पेला धरला होता. पाणी आरशासारखं.

"एवढंच हुतं व्हय?" मामा म्हणाले. मागं बसलेल्या मामी खिडकीबाहेर बघत होत्या.

रात्री घाट नको म्हणून मामी आमच्या घरी तेवढ्या उतरल्या, आणि दुसऱ्या दिवशी बायकोसह आम्ही चौघं निघालो. गाडी घाट अशी चढली की वळणं कळलीसुद्धा नाहीत. एरवी मामांनी तीनदा थांबून मला तो आवाज नसल्याचा आवाज ऐकवला असता, पण त्या दिवशी ते समोर बघत राहिले.

आक्का अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसल्या होत्या. मामी जवळजवळ धावतच गेल्या. आक्कांनी त्यांच्याकडं बघून हात जोडले आणि शाळेत पालकांशी बोलायच्या त्या अदबीनं म्हणाल्या, "या, बसा. मुलगी कुठल्या वर्गात हाय तुमची?"

मामी तिथंच थांबल्या. आक्कांची सून दारातून पुढं आली, काही सांगू लागली, तेवढ्यात आक्कांचं लक्ष मामांकडं गेलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं बया, मिलिट्री! लय दिसानं आलास रं. एकटाच? आमची धाकटी कुठाय? तिला का न्हाई आनलीस?"

मामांनी मामींकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "गाडी बिघडली हुती, आक्का."

"मग एस्टीत बशिवायची! मी वाट बघून बघून डोळं फुटायची पाळी आली."

तोफांनी न हललेला तो माणूस अंगणाच्या कडेला जाऊन दरीकडं तोंड करून उभा राहिला. मामी मात्र आक्कांच्या पायाशी बसल्या. त्यांनी आक्कांचा हात हातात घेतला. "पाचवीत हाय माझी पोरगी," त्या म्हणाल्या. "नीट जेवतीया न्हवं?"

"काळजी करू नगा. मी हाय की," आक्का म्हणाल्या. "माझ्या धाकटीवानी बघते मी पोरींकडं. ती बी अशीच, ताटात भाजी ठिवायची." आणि मग दुपारभर त्या मामींना मामींच्याच लहानपणाच्या गोष्टी सांगत बसल्या. मामी मधेमधे हसल्यासुद्धा.

आता मामा दर पंधरवड्याला मामींना पाचगणीला नेतात. गाडीबद्दल फोनवर काही सांगत नाहीत. मीच कधी विचारलं तर म्हणतात, "चाललीया." आक्का दर खेपेला त्यांना तेच विचारतात, आणि "फुडच्या खेपंला आनतो" असं ते सांगतात. मामी शेजारी उभ्या राहून ऐकतात.

मागच्या वेळी मी बरोबर होतो. निघताना आक्कांनी सुनेकडून स्ट्रॉबेरीची पेटी मागवली आणि ती मामांच्या हातात ठेवली. "धाकटीला नेऊन दे. वाटंत खाऊ नगंस."

"न्हाई खात," मामा म्हणाले. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी धरून गाडीपर्यंत आणली. मामी पुढं बसल्या होत्या. मामांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आक्कानं दिल्यात तुला," ते म्हणाले.