आईची वाटी आणि माझे ग्रॅम

डायरीत नोंद आहे: ८ फेब्रुवारी. पहाटे गारवा, दहानंतर ऊन, समुद्राकडून वारा. त्या पानावर पुढे जे लिहिलंय, ते मी घरातही कुणाला वाचू देत नाही. पण तुम्ही चहाला बसलाच आहात, तर ऐका.

आमची आई सुक्या चिकूच्या वड्या करायची. डहाणूत चिकूला काय तोटा? काप करायचे, गच्चीवर वाळवायचे, भरडायचे, बेदाणे-खोबरं घालून गुळाच्या पाकात थापायचे. माप एकच, तिची पितळी वाटी. आठ वाट्या काप, दोन बेदाणे, दोन खोबरं, तीन गूळ. आई गेली तेव्हा वाटी माझ्या धाकट्या बहिणीने, सुशीने, तिच्या सासरी झरीला नेली. माझ्याकडे उरलं डायरीत लिहिलेलं माप.

यंदा सुशीच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मामाकडून गोड न्यायची आमच्याकडे रीत. सुशी फोनवर म्हणाली, "दादा, आईची वडी आण. दुसरं काही नको." आता यात चूक करून चालेल का?

म्हणून मी महिनाभर आधीच वजनकाटा घेऊन झरीला गेलो. वाटीचे ग्रॅम एकदा मिळाले की झालं! सुशीच्या डब्यात तेव्हा बेदाणेच होते. वाटी भरली, मोजली, रिकामी केली, पुन्हा भरली. असं दहादा. सरासरी काढली, एकशे तीस ग्रॅम. पितळेचं वजन वजा करायलाही विसरलो नाही.

पुढचा हिशेब सरळ होता. आठ वाट्या काप म्हणजे एक किलो चाळीस ग्रॅम.

परातीतला ढीग पाहून माझी बायको मंदा म्हणाली, "अहो, हे जास्त नाही वाटत?"

"दहादा मोजलंय."

"काय मोजलंय?"

"वाटी."

ती गप्प बसली. डायरीत मी लिहिलं: मंदा सहमत.

मिश्रण काही मिळून येईना. मला वाटलं, पाक कच्चा राहिला. पुन्हा गॅसवर चढवून आटवलं, चांगलं आटवलं. वड्या पट्टी लावून कापल्या. चौसष्ट. अशा चौकोनी, की फरशी बसवणाऱ्यानं मागून न्याव्यात.

साखरपुड्यात पहिली वडी नवऱ्या मुलाच्या आजोबांना दिली. माणूस गुजरातेतल्या उंबरगावचा. त्यांनी ती या गालातून त्या गालात फिरवली आणि शेवटी बशीत ठेवली. टक्क असा आवाज झाला.

"मामा, वडी सरस छे," ते म्हणाले. "फक्त फोडायची कशानं?"

मांडव हसला. सुशी हसली नाही.

ती मला आत घेऊन गेली. आईची वाटी काढली, चिकूच्या कापांनी भरून माझ्या हातात दिली. मग तीच रिकामी करून बेदाण्यांनी भरली आणि पुन्हा हातात दिली.

"कळलं?"

"कळलं."

मग मात्र ती इतकी हसली, की पदरानं डोळे पुसावे लागले. म्हणाली, "आई तुला स्वयंपाकघरात का येऊ देत नव्हती, ते आज समजलं."

त्या पानावरची शेवटची नोंद: बेदाणे, एक वाटी, एकशे तीस ग्रॅम. सुक्या चिकूचे काप, एक वाटी, पंचावन्न ग्रॅम. वड्या नेल्या चौसष्ट, परत आणल्या त्रेसष्ट. सुशीनं वाटी दिली, तीही आणली.