भासऱ्यांसमोरची सुनावणी

मौनाला संमती समजणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीचा माझा संताप जुना आहे. त्याचे मूळ सौंदडच्या आठवडी बाजारात आहे.

तिथे चिंचेखाली एक विधवा उकडलेले शिंगाडे विकीत असे. तिच्याआधी तिच्या सासूनेही त्याच जागी टोपली मांडली होती. "घ्या जी शिंगाडे! पैसा नसन त निस्ता वास घ्या!" अशी या सुनेची आरोळी ऐकून गिऱ्हाईक हसत वळे.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत कचेरीने तिथे पक्के ओटे बांधून ते लिलावात देण्याचे ठरविले. लिलावात उतरण्याची तिची ऐपत नव्हती. जागा गेली की पोटच गेले. मी वकील नव्हे, परंतु अन्याय दिसला की अर्ज लिहिल्यावाचून मला राहवत नसे. पिढीजात वहिवाटीच्या आधारे मी तिची हरकत लिहून दिली. सुनावणी चावडीत, कचेरीच्या हिंदीभाषक साहेबांपुढे लागली. वहिवाट तिने पंचासमक्ष, स्वमुखाने सांगावी, असा दंडक होता.

पंच म्हणून बसले होते तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्यांसमोर तोंड उघडीत नाही. ती पदर हनुवटीपर्यंत ओढून दारातच थबकली. म्हातारा सज्जन, तो लगेच उठू लागला. साहेबांनी त्याला बसविले. "पंच उठ जाएगा तो कार्रवाई कैसे होगी?"

"साहेब, क्षणभर त्यांना बाहेर जाऊ द्या," मी विनविले.

"यह कचहरी है, किसी का ससुराल नहीं."

भासऱ्यांनी बसल्या जागी भिंतीकडे तोंड फिरविले.

"बोल ना बाई," मी म्हणालो. पदर किंचित हलला. शब्द आला नाही. तिचे सारे म्हणणे अर्जात लिहिलेले होते आणि तो अर्ज साहेबांच्या हाताखालीच होता! तरी त्यांनी शेरा मारला: हरकत नाही.

मी नागपूरपर्यंत पत्रे धाडली. प्रकरण निकाली निघाल्याचे एका ओळीचे उत्तर आले.

ओटा एका तेलाच्या व्यापाऱ्याने घेतला. ती डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरू लागली. एकदा माझ्या दारी आली, तेव्हा मी पुन्हा अर्जाची गोष्ट काढली.

"आता कायले, भाऊ? तुमच्या कायद्याले भासरा नसन, मले आहे. शिंगाडे घेता का? ऊन चढून राहिलं, मले पुढचं गाव गाठाचं आहे."

मी शिंगाडे घेतले. भरली टोपली डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. तेवढा मी दिला.