रक्तात नसलेल्या गोष्टी

सदर इसम स्त्री असून वय साठीपुढे, बांधा मजबूत, उजव्या अंगठ्यावर जुना व्रण. व्यवसाय: सोफे, खुर्च्या व तत्सम आसनांना गादी-कापड चढविणे. कुटुंबप्रमुखाशी नाते: निरंक.

हे ‘निरंक’ इतकी वर्षं कोणाच्या लक्षातही नव्हतं. शेजारचं बिऱ्हाड रातोरात गायब झालं आणि रांगती पोर मागे राहिली. या घरच्या आईने तिला उचलून आत आणलं. पुढे आईला झालेल्या धाकट्याला तिनेच कडेवर वागवलं. तो शिकला, ऑफिसात लागला. घरचं दुकान तिच्याकडे आलं. काम आजोबांनी शिकवलं: बारीक खिळे तोंडात धरायचे, जिभेने एकेक ओठांशी आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने उचलायचा. भरल्या तोंडाने बोलता येत नाही, त्यामुळे बोलायचे आजोबाच. घराण्याच्या साऱ्या गोष्टी तिच्या कानात साठल्या.

निवृत्त झाल्यावर धाकट्याला पूर्वज आठवले. डीएनए चाचणीच्या नळ्या आल्या. अख्ख्या घराला त्याने थुंकायला लावलं, नातीलासुद्धा.

“ताई, तुझी थुंकी वाया जाईल,” तो हसत म्हणाला. “तू आपल्या गोष्टी सांग.”

तिने तो घोट गिळला आणि सांगितल्या. त्याने फोनवर रेकॉर्ड केल्या आणि न ऐकताच टाइप करायला धाडल्या.

मग छापील वंशवृक्षाचं कापड घेऊन तो दुकानात आला. “फळीवर ताणून दे. रविवारी सगळे येणार आहेत.” वर नावं आणि टक्केवारी, खालच्या पट्टीत तिच्या गोष्टी, तिच्या ‘बरं का’सकट. संकलक म्हणून त्याचं स्वतःचं नाव.

“माझं नाव?”

“ते रक्तावरून आहे ना गं.”

“बायकोपोरं टाकून पळालेले पणजोबा आहेत?”

“आहेत ना. आपलं रक्त.”

“आणि आईला शेवटपर्यंत उचलून बाथरूमला नेलं, ती?”

“तू उगाच मनाला लावून घेतेस.”

कामापुरता मामा तिने ऐकला होता. कामापुरती ताई आपणच, हे आत्ता कळलं. तिने तोंडात खिळे भरले, नाहीतर जे बाहेर पडलं असतं ते कुठल्याच फांदीवर बसलं नसतं. गोष्टींची पट्टी फळीमागे दुमडली, दाटीवाटीने खिळे ठोकले आणि वर काळं अस्तर मारलं.

शनिवारी धाकटा फळी न्यायला आला. “ताई, गोष्टी कुठायत?”

“मागे. आजोबांनी मला दिल्यात त्या. तुझ्या रक्तात सापडल्या तर लाव पुढे.”

“अगं, उद्या लोक विचारतील मला.”

“मग थुंकून दाखव त्यांना.”

रविवारी नातेवाईक फळीपुढे दाटले. हे कोण, ते का पळाले, ही कुठली? धाकटा प्रत्येकाला सांगत होता, “ते ताईला विचारावं लागेल.”

ताई गेली नव्हती.