उलट्या मानेचा राघू

सन १९३४. मी अठ्ठावीस वर्षांचा, येवल्यात पैठणी विणायचो. शाळा तिसरीपर्यंतच, पण विणकामात मला शिकवील असा माणूस आमच्या आळीत नव्हता, हे खरं तेच लिहितो. भूतखेत, साक्षात्कार असलं काही मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी हे घडलं...

त्या वर्षी आमची तीन वर्षांची पोर तापाने गेली. मी रडलो नाही. तिसऱ्या दिवशी मागावर बसलो. बायकोने महिनाभर पाहिलं, मग म्हणाली, "दगडालाही पाझर फुटतो. एकटीनं किती रडू मी या घरात?" आणि नांदगावला माहेरी गेली. परत येणार नाही, असा निरोप आला. मीही हट्टी... आणायला गेलो नाही.

आळीत एक रीत होती. पैठणी मागावरून उतरवायच्या आधी दुसऱ्या विणकराला दाखवायची, कारण आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही. एका दुपारी शेजारच्या करीमचाचांनी मला बोलावलं. पदरावर राघूंची रांग. सगळे पुढे बघतायत, एकच मान वळवून मागे.

"चाचा, एक चुकलाय. उसवा."

"कुठला?"

मी त्याच्यावर बोट ठेवलं... आणि डोळ्यांतून पाणी सुरू झालं. थांबेचना.

चाचा घाबरले. "अरे बाबा, रेशीम आहे ते. त्याला काय दुखतंय, तू रडतोस?"

"मुद्दाम वळवला का याला?"

"मुद्दाम कशाला? बिडी पेटवायला उठलो, येऊन उलटं विणलं. म्हातारा झालो, दुसरं काय."

आता सांगा. राघू खोटा, त्याची तार न् तार मला माहीत. विणणाऱ्याच्या मनातही काही नव्हतं. कोणी म्हणेल पोर आठवली असेल. नाही — पाणी आधी आलं, पोर नंतर आठवली. मग मी रडलो कोणासाठी? शिकलेल्या दोघा-तिघांना विचारून पाहिलं. ते लय समजावतात, मला पटत नाही. इतकी वर्षं झाली, उत्तर नाही ते नाहीच. पण चाचांच्या त्या चुकीचे उपकार माझ्यावर आहेत, ते फिटायचे नाहीत.

राघू मी उसवू दिला नाही. म्हटलं, "पैठणी घेणारा शेठ बोलला तर माझं नाव सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मोटारीने नांदगाव गाठलं. बायको अंगणात धुणं वाळत घालत होती. मी काही समजावलं नाही. पोरीचं नाव घेतलं आणि तिथंच खाली बसून रडलो. सासरा ओट्यावरून बघत होता. बघू दिलं.